मोबाइल हातात आहे, पण नेट चालतं कसं? भिवापूरच्या शाळकरी मुलांसाठी नेटवर्क आणि इंटरनेटची ओळख

अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर केंद्रीय पद्धतीने ऑनलाइन झाला. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांच्या हद्दीत होती. भिवापूर, उमरेड, कुहीकडची मुलं थेट कॉलेजात जाऊन फॉर्म घ्यायची. आता नागपूर शहरातल्या मुलाने आणि भिवापूरच्या मुलीने एकाच संकेतस्थळावर, एकाच मुदतीत, पसंतिक्रम भरायचा असतो. मे २०२५ मध्ये नोंदणी सुरू होताच ते संकेतस्थळ कोलमडलं आणि वेळापत्रक पुढे ढकलावं लागलं. अशा वेळी घरात पहिला संशय जातो तो रिचार्जवर. मग अब्बू रिचार्ज मारतात, भाऊ फोन बंद-चालू करतो, कुणी गच्चीवर जाऊन रेंज शोधतो. खरं तर बिघाड फोनमध्ये नसतो आणि टॉवरमध्येही नसतो. तो असतो दूर कुठेतरी असलेल्या सर्व्हरवर, जिथे लाखो मुलं एकाच वेळी दार ठोठावत असतात.

बिघाड नेमका कुठे आहे, हे ओळखता येणं म्हणजेच नेटवर्क समजणं. आपली मुलं रील बनवतात, पेमेंटचा क्यूआर स्कॅन करतात, दादीला व्हिडिओ कॉल लावून देतात. पण "नेट म्हणजे काय?" असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर "टॉवर" किंवा "जीबी" असं येतं. बालभारतीच्या नववीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पुस्तकात माहिती संप्रेषण तंत्रज्ञानाचा धडा आहे. तो चांगला आहे, पण अनेक शाळांत तो पाठ केला जातो, करून पाहिला जात नाही. हा लेख पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी, आणि त्यांना शिकवणाऱ्या शिक्षक, अम्मी-अब्बू, मोठ्या भावंडांसाठी आहे.

नेटवर्क म्हणजे जोडणी

दोन संगणक एकमेकांना माहिती देऊ-घेऊ लागले की नेटवर्क झालं, एवढं सोपं आहे ते. शाळेच्या लॅबमध्ये दहा संगणक एका स्विचला तारेने जोडले आणि सगळ्यांचे प्रिंट एकाच प्रिंटरवर निघू लागले, तर ते स्थानिक नेटवर्क, म्हणजे लॅन. त्याला इंटरनेट लागत नाही. ही गोष्ट मुलांना मुद्दाम दाखवावी, कारण "नेट नाही म्हणून लॅब बंद" हे वाक्य आपण फार ऐकतो. इंटरनेट नसतानाही एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर पाठवता येते. गावोगावची, देशोदेशीची अशी नेटवर्कं एकमेकांना जोडली की जे महाजाळं तयार होतं, ते इंटरनेट. त्याचा कुणी एक मालक नाही. कंपन्या, विद्यापीठं, सरकारं आपापला तुकडा चालवतात आणि ठरलेले नियम पाळतात म्हणून ते चालतं.

हे "ठरलेले नियम" म्हणजे प्रोटोकॉल. इथे भिवापूरच्या मुलांकडे असं उदाहरण आहे, जे मुंबईच्या मुलांकडे नाही. आपल्या गावातून जाणारी इतवारी–नागभीड ही छोटी गाडी. आजी-आजोबा तिच्यातून उमरेडला, नागपूरला गेलेले असतात. ती नॅरोगेज होती, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर. त्यामुळे नागभीडला ब्रॉडगेजची गाडी समोर उभी असली तरी छोट्या गाडीचा डबा तिला जोडता येत नसे. माणसांनी उतरून गाडी बदलायची, माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरायचा. २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी ही छोटी गाडी बंद झाली.

संगणकांच्या दुनियेतही सुरुवातीला असंच होतं. प्रत्येक कंपनीचे, प्रत्येक नेटवर्कचे रूळ वेगळे. अमेरिकेत १९६९ मध्ये अर्पानेट नावाचं नेटवर्क सुरू झालं. त्यानंतर रेडिओवर चालणारी, उपग्रहावर चालणारी अशी वेगवेगळी नेटवर्कं आली. त्यांना जोडायचं कसं? व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी १९७४ मध्ये याची रीत मांडली. सगळ्यांचे रूळ उखडायचे नाहीत. फक्त माल ज्या पेटीत भरायचा त्या पेटीचं माप आणि तिच्यावरचा पत्ता सगळीकडे सारखा ठेवायचा. पेटी नॅरोगेजवर चढो की ब्रॉडगेजवर, ट्रकवर की बैलगाडीवर. या नियमांना टीसीपी-आयपी म्हणतात. १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटने ते स्वीकारले. तुमचा फोन वाय-फायवरून टॉवरवर जातो तेव्हा रूळ बदलतो, पेटी बदलत नाही. अडखळला तर तेवढ्याचसाठी की नव्या रुळावर त्याला नवा पत्ता घ्यावा लागतो.

पेटी, तुकडे आणि पिनकोड

आता पेटीच्या आत पाहू. तुम्ही तीन एमबीचा फोटो पाठवता तेव्हा तो अख्खा एकदम जात नाही. त्याचे साधारण पंधराशे बाइटचे तुकडे होतात, म्हणजे जवळजवळ दोन हजार तुकडे. प्रत्येकाला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर लिहिलेलं असतं: कुठून आलं, कुठे जायचं, कितवा तुकडा. वाटेत जे राउटर लागतात ते फक्त पत्ता पाहून पुढच्या राउटरकडे ढकलतात. सगळे तुकडे एकाच वाटेने जातीलच असं नाही. पोचल्यावर क्रमाने जोडले जातात. एखादा हरवला तर परत मागवला जातो.

जुन्या ट्रंक कॉलची गोष्ट घरातल्या मोठ्यांना विचारा. नागपूरला बोलायचं तर कॉल बुक करून बसावं लागे, आणि बोलणं सुरू असेपर्यंत ती लाइन दुसऱ्या कुणाला वापरता येत नसे, मग तुम्ही बोला की गप्प राहा. पॅकेटच्या पद्धतीत एकाच तारेवरून हजारो लोकांचे तुकडे एकामागे एक जातात. इंटरनेट स्वस्त होण्यामागे हे मोठं कारण आहे.

पत्त्याचं काय? प्रत्येक यंत्राला नेटवर्कवर एक आकडा मिळतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. हा आकडा समजून घ्यायला पिनकोड उत्तम. भिवापूरचा पिनकोड ४४१२०१. पहिला आकडा देशातला विभाग सांगतो, पहिले तीन आकडे मिळून टपाल छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस. कोलकात्याच्या टपाल कर्मचाऱ्याला भिवापूर कुठे आहे हे माहीत असायची गरजच नाही. पुढचे आकडे पाहून तो पत्र बरोबर दिशेला टाकतो. राउटरही असंच करतो: पत्त्याचा पुढचा भाग नेटवर्क सांगतो, मागचा भाग त्यातलं यंत्र. (पिनकोडची ही पद्धत टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने बसवली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. वेलणकर संस्कृतचे कवीही होते. मुलांना हे नाव सांगायलाच हवं.)

जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांची संख्या सुमारे ४२९ कोटी. जगाची लोकसंख्याच त्याहून जास्त, आणि एकेका घरात चार-चार फोन. म्हणून नवी, लांब पत्त्यांची पद्धत आली, तिला आयपीव्ही-सिक्स म्हणतात. आज आपल्याकडचे बरेचसे मोबाइल त्याच पद्धतीवर चालतात.

आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावं. संकेतस्थळाचं नाव टाइप केलं की फोन आधी डीएनएस नावाच्या सेवेला विचारतो, "या नावाचा आकडा काय?" तो मिळाला की मगच खरी भेट. मोबाइलमध्ये "अम्मी" दाबलं की नंबर आपोआप लागतो, तसंच. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत असंही नाव घेता येतं, आणि उर्दू लिपीतलंही आहे. फार लोक वापरत नाहीत हे खरं.

इंटरनेट आणि वेब एक नाही

इथे परीक्षेत हमखास चूक होते. इंटरनेट म्हणजे रस्ते. वेब म्हणजे त्या रस्त्यांवर चालणारी एक सेवा. पानं, दुवे, ब्राउझर हे वेबचं जग टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न संस्थेत सुचवलं, आणि १९९३ मध्ये ते सर्वांना मोफत खुलं झालं. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, ऑनलाइन गेम हेही त्याच रस्त्यांवरून जातात, पण ते वेब नाहीत.

भारतात या रस्त्यांची सुरुवात संशोधन संस्थांत झाली. १९८६ मध्ये अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. त्यात मुंबईची आयआयटी होती आणि मुंबईतलीच एनसीएसटी ही संस्था होती. तिथले डॉ. श्रीनिवासन रमणी यांचा या कामासाठी २०१४ मध्ये जागतिक इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत, आधी मोठ्या शहरांत. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांत अनेकांची पहिली गाठ पडली ती एमएस-सीआयटीच्या वर्गात, २००१ नंतर. खऱ्या अर्थाने घरोघर पोचलं ते २०१६ नंतर, मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर. म्हणजे आज दहावीत असलेल्या मुलाने नेट नसलेलं घर जवळजवळ पाहिलेलंच नाही, आणि त्याच्या अम्मी-अब्बूंनी शाळेत असताना नेट पाहिलेलं नाही. एका छताखाली दोन वेगळे जमाने.

तार कुठून जाते?

"नेट हवेतून येतं" हा समज पक्का असतो. फोनपासून टॉवरपर्यंत ते हवेतून जातं, पुढे बहुतेक वाट जमिनीखालची. काचेच्या केसासारख्या बारीक धाग्यातून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, प्रकाशाच्या झोताने. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. भिवापूर ते नागपूर सुमारे सत्तर किलोमीटर धरा. एक सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. म्हणून रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की अख्ख्या भागाचं नेट जातं, मग फोनवर टॉवरच्या पूर्ण काड्या दिसल्या तरी काही उघडत नाही. काड्या म्हणजे तुम्ही आणि टॉवर यांच्यातला संबंध. त्यापुढचं त्या सांगत नाहीत.

देशाबाहेरची वाट समुद्राच्या तळाने जाते. मुंबईच्या किनाऱ्यावर या केबल येतात. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तजवळ समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा भारतातलं इंटरनेट मोठ्या प्रमाणात मंदावलं होतं. पूर्ण बंद पडलं नाही, कारण पॅकेट दुसऱ्या वाटेने वळवता आले.

वेगाचा हिशेबही मुलांना करायला लावा, गणिताचा तासच आहे तो. कंपनी सांगते बिटमध्ये, फाइल असते बाइटमध्ये, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट. १०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. मोबाइलवर ८ एमबीपीएस मिळत असेल तर सेकंदाला एक एमबी; तीस एमबीचं पाठ्यपुस्तक अर्ध्या मिनिटात उतरेल. रोजचा कोटा संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. तेच पुस्तक आता एक तासाहून जास्त घेईल. "नेट आहे पण चालत नाही" याचं बऱ्याचदा हेच कारण असतं. म्हणून बालभारतीची पुस्तकं, जी मराठी आणि उर्दू माध्यमांसाठीही मोफत उपलब्ध आहेत, ती कोटा शिल्लक असताना उतरवून ठेवावीत. पुस्तकातल्या क्यूआर कोडचंही असंच: त्या चौकोनात धडा साठवलेला नसतो, फक्त पत्ता असतो. क्यूआर कोडचा हा वापर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्यामुळे गाजला, आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं.

संगणक नसताना शिकवायचं कसं?

लॅब नाही, किंवा आहे पण चाव्या कुणाकडे ते माहीत नाही, अशी स्थिती असेल तरी अडत नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवायच्या अनेक खेळांची रीत रूढ केली. त्याच धर्तीवर हा खेळ वर्गात, अंगणात, मदरशाच्या ओसरीवर कुठेही घेता येतो.

वीस-पंचवीस मुलं विखरून उभी करा. एका टोकाचा मुलगा "भिवापूर", दुसऱ्या टोकाची मुलगी "मुंबई", मधले सगळे राउटर. नियम एकच: हात पोचेल त्यालाच चिठ्ठी द्यायची. भिवापूरने एक वाक्य सहा चिठ्ठ्यांवर तोडून लिहायचं. प्रत्येक चिठ्ठीवर कुणाकडून, कुणाला, सहापैकी कितवी. चिठ्ठ्या वेगवेगळ्या वाटांनी सोडा. मुंबईकडे त्या उलटसुलट येतील, ती क्रमाने लावेल. मग मधल्या एका राउटरला खाली बसवा: केबल तुटली. बाकीचे वाट काढतात का ते पाहा. पुढच्या फेरीत सरांनी गुपचूप चार नंबरची चिठ्ठी खिशात घालायची. मुंबई ओरडते, "चार नंबर आली नाही, परत पाठव!" टीसीपी म्हणजे हेच.

शेवटच्या फेरीत एका राउटरला सांगा, चिठ्ठी मोठ्याने वाच. पोट्टे हसतात, पण मुद्दा डोक्यात बसतो: वाटेतला कुणीही वाचू शकतो. मग उपाय शोधायला लावा. प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतलं पुढचं अक्षर लिहायचं ठरवा. "कमल" चं "खयव" होतं. आता वाटेतल्याला काही कळत नाही, आणि ज्याला किल्ली माहीत तो उलगडतो. ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हामागे अशीच, पण फार फार कठीण, सांकेतिक भाषा असते.

ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांनी पिंग ही आज्ञा चालवून पाहावी. समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर किती मिलिसेकंदात आलं ते ती दाखवते.

फॉर्म, ओटीपी आणि खोटे पत्ते

आता पैशाचा आणि वर्षाचा प्रश्न. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या केंद्राच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीतून २०२२-२३ पासून पहिली ते आठवीचे वर्ग वगळले. ती नववी-दहावीपुरती उरली. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. बहुतेक घरं हा फॉर्म बाहेरून, दुकानातून भरून घेतात. त्यात वाईट काही नाही. पण मोबाइल नंबर दुकानदाराचा टाकला जातो, आणि तिथे गोष्ट बिघडते. ओटीपी त्याच्याकडे जातो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो, पुढच्या वर्षी नूतनीकरणाला तोच हवा, आणि त्याने नंबर बदलला असेल तर खातंच हाताबाहेर. फॉर्म कुणीही भरो, नंबर घरातला आणि पासवर्ड घरातल्या वहीत. दुकानातल्या संगणकावर "पासवर्ड सेव्ह करायचा?" असं विचारलं तर नाही म्हणायचं आणि निघताना लॉगआउट करायचं. पोर्टलवर अर्जाला शुल्क नाही. दुकानदार घेतो ती त्याच्या मेहनतीची मजुरी.

संकेतस्थळाचं नाव उजवीकडून वाचायची सवय लावा. आपला टपालाचा पत्ता जसा नाव, मोहल्ला, भिवापूर, जिल्हा नागपूर असा लहानाकडून मोठ्याकडे जातो, तसंच इथे शेवटचे शब्द सर्वांत महत्त्वाचे. सरकारी पोर्टल स्कॉलरशिप्स डॉट गव्ह डॉट इन असं संपतं. पुढे कितीही "गव्ह", "स्कॉलरशिप", "इंडिया" असे शब्द घातले आणि शेवटी डॉट कॉम किंवा डॉट एक्सवायझेड आलं, तर ते घर दुसऱ्याचं. कुलूप दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका. कुलूप सांगतं की वाटेत कुणी वाचत नाही. समोर बसलेला भला आहे की ठग, हे ते सांगत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या "मोफत लॅपटॉप" च्या लिंकला हीच कसोटी लावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवायचं. जितका उशीर, तितकं रक्कम गोठवणं कठीण.

आणखी एक गोष्ट, जी शिक्षकांपेक्षा घराने ऐकायची. अनेक घरांत चालू नेटचा फोन एकच, तो अब्बूंसोबत दिवसभर कामावर. संध्याकाळी तो आधी मुलाच्या हातात जातो, मुलीची पाळी रात्री. बिघडेल म्हणून मुलीला फोन नको, असंही ऐकू येतं. पण अकरावीचा पसंतिक्रम, शिष्यवृत्ती, निकाल, सगळं तिलाही त्याच पडद्यावर करायचं आहे. ती स्वतः करू शकली नाही तर तिच्या वतीने दुसरं कुणीतरी करणार, आणि तिचा आधार क्रमांक, फोटो, नंबर त्याच्याकडे जाणार. लपून घाईत वापरलेल्या फोनपेक्षा ओसरीत, सगळ्यांसमोर, ठरलेल्या वेळेला मिळालेला एक तास कितीतरी सुरक्षित.

दहावीच्या मुलामुलींनी परीक्षा संपल्यावर, निकालाआधीच, एवढं करून ठेवावं: स्वतःचा ईमेल आणि त्याचा पासवर्ड, आधारला जोडलेला घरातला चालू मोबाइल नंबर, कागदपत्रं स्कॅन करून पोर्टलने मागितलेल्या केबीत बसवलेली. फॉर्म शेवटच्या दिवशी नाही तर आधी, सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा भरावा. त्या वेळी सर्व्हरच्या दारावर गर्दी कमी असते.